सावल्या बंद झालेलं गाव

तळेगावहून एका आईचं पत्र आलं आहे. त्यांची अकरा वर्षांची मुलगी दोन वर्षांपासून घरीच शिकते. तिला ग्रहताऱ्यांचं, रोबोटचं वेड आहे म्हणून आईनं यंदा वर्षभराचा विज्ञानकथांचा अभ्यास आखला. २४ पुस्तकं, १८१८ सालच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’पासून क्रमवार आजपर्यंत. बहुतेक इंग्रजी, मराठी तीनच, तीही ‘सोपी म्हणून’ शेवटी. प्रत्येक पुस्तकामागे शब्दांची यादी, त्यातल्या विज्ञानावर प्रश्नपत्रिका आणि २० पैकी गुण. सगळ्याचा तक्ता भिंतीवर लावला आहे. सहा आठवडे झाले, मुलगी पहिल्याच पुस्तकाच्या चाळिसाव्या पानावर अडली आहे. परवा तिनं वर्कशीट कोरंच ठेवलं आणि मागच्या बाजूला ‘आमच्या गावात सावल्या बंद झाल्या’ असं एक वाक्य लिहून खाली चित्र काढत बसली. सासरे बँकेतून निवृत्त झालेले, पंच्याहत्तरी ओलांडलेले, बालपण पुण्यात नारायण पेठेत गेलेलं. ते म्हणतात, “गोष्टी वाचणं हा काय अभ्यास झाला? दहावीला कोण विचारणार आहे?” आईनं विचारलंय की यादी कशी सुधारू, क्रम कोणता ठेवू, भाषा कोणती, गुण कसे देऊ आणि हिचं उडालेलं लक्ष परत कसं आणू?

ताई,

तुम्ही ज्याला ‘लक्ष उडालं’ म्हणता, नेमकी तिथंच मी पत्र वाचताना थांबले. ‘आमच्या गावात सावल्या बंद झाल्या.’ हे वाक्य मी घरातल्यांनाही वाचून दाखवलं. विज्ञानकथा लिहिणारा माणूस कामाला बसतो तेव्हा हेच करतो. जगाचा एक नियम बदलतो, बाकी सगळं जिथल्या तिथं ठेवतो आणि मग कुठं कुठं काय मोडतंय ते प्रामाणिकपणे बघत राहतो. पहिली दोन कामं तुमच्या लेकीनं कोणी न सांगता केली. तिसऱ्या कामाला तिला सोबत हवी आहे, आणि ती सोबत म्हणजेच तुमचा अभ्यासक्रम.

आपण तिच्याच वाक्याचा धागा धरून बघू. सावली का पडते? वस्तू प्रकाश अडवते म्हणून. मग सावल्या बंद व्हायला दोन वाटा आहेत. एक तर प्रकाश सगळीकडून सारखा यायला हवा, आषाढातल्या ढगाळ दुपारी येतो तसा. नाहीतर घरं, झाडं, माणसं यांनी प्रकाश अडवणंच सोडून द्यायला हवं, म्हणजे सगळं आरपार. तिच्या मनातलं गाव यातलं कोणतं, हे तिला विचारा. दुसरं असेल, तर एच. जी. वेल्स यांची १८९७ सालची ‘द इनव्हिजिबल मॅन’ ही आरपार, अदृश्य झालेल्या माणसाची कादंबरी तिच्यासाठी आपोआप पुढ्यात आली. तक्त्यातल्या क्रमानं ती तिच्यापर्यंत कधी पोचली असती कोण जाणे.

आणि ती वाचताना एक प्रयोग जरूर करा. दिवसा खोलीतला दिवा बंद करा, खिडकीसमोर भिंग धरा आणि त्याच्या मागे पांढरा कागद हळूहळू पुढं-मागं सरकवा. एका जागी खिडकीचं छोटंसं, उलटं, रंगीत चित्र कागदावर उमटेल. आता कागद काढून त्याच जागी स्वच्छ काच धरा. चित्र गेलं! प्रकाश काचेतून निघून गेला, अडला नाही, म्हणून उमटला नाही. आपल्या डोळ्यात त्या कागदाचं काम पडदा करतो. अदृश्य माणसाचा पडदाही आरपार झाला असेल, तर त्याला स्वतःला दिसणार कसं? तो आंधळा असायला हवा. ही खोट वाचकांनी फार पूर्वी पकडली आहे, पण तुमच्या लेकीनं ती स्वतःच्या खिडकीपाशी उभं राहून पकडली तर त्याची चव वेगळी. एवढी मोठी चूक असूनही ती कादंबरी आजही का वाचाविशी वाटते, हा प्रश्न मग तिला विचारता येईल. तो साहित्याचा प्रश्न आहे आणि तुमच्या प्रश्नपत्रिकेत तोच नाही.

तुमच्या आखणीमागे मला असं धरून चाललेलं दिसतं, की गोष्ट म्हणजे विज्ञानाच्या कडू गोळीवरचं साखरेचं वेष्टण. मूल गोष्ट चाखेल आणि आतलं विज्ञान पोटात जाईल. मला हे पटत नाही. विज्ञान शिकवायचं तर त्याची सरळ, चांगली पुस्तकं आहेत. आणि या गोष्टींतलं विज्ञान बऱ्याचदा चुकीचं असतं, ते गिळायला देणं बरं नव्हे. ते तपासायला द्यावं. ज्यूल व्हर्न यांनी १८६५ सालच्या कादंबरीत माणसं तोफेतून चंद्राकडे पाठवली. तोफ सुमारे ९०० फूट लांब, म्हणजे २७४ मीटर. गोळा बाहेर पडताना वेग हवा सेकंदाला ११ किलोमीटर. तुमच्या मुलीला सरासरी काढता येत असेल तर पुढचं गणित तिचं तीच करेल: शून्यापासून ११ पर्यंत, सरासरी साडेपाच, म्हणजे २७४ मीटर कापायला सेकंदाचा विसावा भाग. डोळ्याची पापणी लवायच्या आत शून्यावरून ११ किलोमीटर! आत बसलेल्यांचं काय झालं असतं, ते तिला शब्दांत लिहू दे. त्याच व्हर्न यांनी आपली तोफ अमेरिकेतल्या फ्लोरिडात रोवली आणि तीन माणसं पाठवली. १९६९ साली अपोलो ११ फ्लोरिडातूनच निघालं, आत तीन माणसं होती. चूक आणि अचूक एकाच पुस्तकात शेजारी शेजारी बसलेली बघणं, हे मला त्या अभ्यासातलं सगळ्यात मोलाचं वाटतं.

आता क्रमाविषयी. कालक्रम संशोधकाला लागतो, अकरा वर्षांच्या मुलीला नाही. ‘फ्रँकेन्स्टाइन’ची सुरुवात एका दर्यावर्दी माणसाच्या बहिणीला लिहिलेल्या पत्रांनी होते, त्यात दुसऱ्याची कहाणी, तिच्यात तिसऱ्याची. मोठ्यांनाही तिथं धीर लागतो. तुमची लेक चाळिसाव्या पानापर्यंत गेली, हेच खूप आहे. ते पुस्तक चौदा-पंधराव्या वर्षासाठी कपाटात ठेवा, पण ते लिहिलं कसं गेलं ते आजच रात्री जेवताना सांगा. एप्रिल १८१५ मध्ये आजच्या इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी फुटला. त्याच्या धुरळ्यानं पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळा आलाच नाही. जिनिव्हाच्या तळ्याकाठी पावसानं घरात कोंडलेल्या मित्रमंडळींनी भुताच्या गोष्टी लिहायची पैज लावली आणि त्यातल्या अठरा वर्षांच्या मेरीनं ही गोष्ट लिहायला घेतली. इतकं सांगून थांबा. पुस्तक तिला पुढं आपणहून आठवेल.

मराठी पुस्तकं ‘सोपी म्हणून शेवटी’ हे वाचून मात्र वाईट वाटलं. ती पहिली घ्या, आणि सोपी म्हणून नको. वाचताना मुलीला घरच्या भाषेत लगेच वाद घालता येईल, म्हणून. शिवाय या गोष्टी घडतात ते रस्ते तिच्या ओळखीचे आहेत. मी काही वर्षं सहावीला शिकवत होते. जयंत नारळीकरांची मुंबईत बर्फ पडतो ती गोष्ट एकदा वर्गात वाचून दाखवली. संपल्यावर मी थंडीच्या कारणांकडे वळणार, तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. वडील डबेवाले होते त्याचे. म्हणाला, “बाई, लोकल बंद पडल्या तर डबे कसे पोचणार? आणि साहेब लोक जेवणार काय?” त्या दिवशी माझा तास त्यानं घेतला. हिमयुगाचा अर्थ वर्गाला त्या डब्यांमधून कळला. पुढं कितीतरी वर्षं मी प्रत्येक विज्ञानकथेला तोच प्रश्न विचारत आले: यात डबे कोण पोचवतं?

नारळीकरांचाच आणखी एक किस्सा मुलीला सांगा, तिला फार आवडेल. १९७४ साली त्यांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली ती टोपणनावानं, म्हणजे नावाकडे बघून कोणी बक्षीस द्यायला नको. नाव घेतलं ‘नारायण विनायक जगताप’. जयंत विष्णू नारळीकर यांची आद्याक्षरं ज, वि, ना. ती उलटी करून बघायला सांगा. कथेला पहिलं बक्षीस मिळालं.

त्यांची ‘उजव्या सोंडेचा गणपती’ ही तुमच्या अभ्यासाची पहिली गोष्ट असावी असं मी सुचवेन. आपल्याकडे उजव्या सोंडेचा गणपती कडक, त्याचं सोवळं फार, हे मुलीच्या कानावर असेलच. गोष्टीत उजव्याचं डावं होण्यामागे एक गणिती कल्पना आहे आणि ती स्वयंपाकघराच्या ओट्यावर करून बघता येते. बटर पेपरची दोन इंच रुंद, दोन फूट लांब पट्टी कापा. दुसऱ्या बटर पेपरवर डाव्या सोंडेचा छोटा गणपती काढून कापून घ्या. तसाच गणपती पट्टीवरही एका जागी काढा, डोकं पट्टीच्या लांबीच्या दिशेला ठेवून. आता पट्टीचं एक टोक अर्धा पीळ देऊन दुसऱ्याला चिकटवा. कापलेला गणपती काढलेल्या गणपतीवर ठेवायचा आणि न उचलता, न फिरवता पट्टीवरून पुढं पुढं सरकवत न्यायचा. एक फेरा झाला की तो पुन्हा त्याच जागी येतो, पण कागदाच्या मागच्या बाजूला. पट्टी उजेडाकडे धरून आरपार बघा: सोंड उजवीकडे! कुणीही त्याला उलटा केला नाही. तो नुसता प्रवास करून आला. गोष्ट वाचायच्या आधी हे करू नका, वाचून झाल्यावर करा. आधी गोष्टीला तिचं काम करू दे.

तुमच्या सासऱ्यांचा मुद्दाही मी बाजूला सारणार नाही. त्यांना काळजी आहे, आणि मला तर वाटतं या अभ्यासात त्यांचीच सगळ्यात जास्त गरज लागणार आहे. नारळीकरांचीच ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ घ्या. १७६१च्या पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागली. या गोष्टीत ती कानाजवळून निघून जाते, आणि त्यानंतरचा सगळा हिंदुस्थान वेगळा घडतो. यात यंत्रमानव नाहीत, यानं नाहीत, तरी ही अस्सल विज्ञानकथा आहे, कारण एकच गोष्ट बदलून पुढचं सगळं नेटानं मांडलंय. ती वाचून झाल्यावर मुलीनं वही-पेन घेऊन आजोबांसमोर बसावं आणि विचारावं, १२ जुलै १९६१ला तुम्ही कुठं होता? त्या सकाळी पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं गेलं आणि मुठेचं पाणी पेठांमध्ये शिरलं. आजोबा तेव्हा साधारण तुमच्या लेकीच्याच वयाचे असतील आणि नारायण पेठ नदीला लागूनच आहे. ते त्या दिवशी पुण्यात होते का, आणि बोलायला राजी आहेत का, हे मात्र तुम्ही आधी एकट्यानं विचारून घ्या. पुरात कुणी माणूस गेलं असेल, तर त्या आठवणीला अभ्यासाचं निमित्त करून हात लावू नये. ते बोलले, तर मुलीपुढे प्रश्न असा: धरण त्या दिवशी टिकलं असतं तर? गोखलेनगरसारख्या पूरग्रस्तांच्या वसाहती उभ्या राहिल्या असत्या का? नदीकाठचे वाडे किती दिवस टिकले असते? आजोबा कोणत्या शाळेत गेले असते, आजीची आणि त्यांची गाठ पडली असती का? आणि ती पडली नसती तर तळेगावात ही वही कोण लिहीत असतं? हे लिहून झाल्यावर ‘गोष्टी वाचणं हा काय अभ्यास झाला’ असं आजोबा म्हणणार नाहीत, असं मला मनापासून वाटतं.

इंग्रजीचं म्हणाल, तर रुकैया सखावत हुसेन यांची ‘सुलतानाज ड्रीम’ ठेवा. १९०५ साली एका बंगाली मुसलमान बाईनं इंग्रजीत लिहिलेली ही छोटी गोष्ट दोन बैठकांत संपते. त्यात बायका उन्हाची उष्णता साठवून राज्य राखतात आणि पुरुष पडद्यामागे घर सांभाळतात. अकरा वर्षांच्या मुलीला तिच्यावर बोलायला भरपूर सापडेल, कदाचित तुम्हाला अवघड वाटेल इतकं. जगदीशचंद्र बोस यांनी १८९६ साली बंगालीत लिहिलेल्या कथेत केसांच्या तेलाच्या बाटलीनं समुद्रातलं वादळ शमतं. तिची हकिकत सांगा आणि वाऱ्यावर ठेवलेल्या परातीतल्या पाण्यात तेलाचा थेंब टाकून बघा. व्हर्न वाचायचे तर भा. रा. भागवतांनी मराठी मुलांसाठी केलेली त्यांची रूपांतरं आधी शोधा, जुन्या वाचनालयांत मिळतात. शब्दांची यादी सरळ काढून टाका. त्याऐवजी महिन्यातून एखाद्या शब्दाच्या मुळाशी जा. ‘रोबोट’ हा शब्द १९२० सालच्या एका चेक नाटकातून जगात आला आणि त्याचं मूळ आहे ‘रोबोटा’, म्हणजे वेठ. वेठबिगारी म्हणजे काय हे मुलीला एकदा कळलं, की रोबोटच्या सगळ्या गोष्टी ती वेगळ्या डोळ्यांनी वाचेल.

तेव्हा चोवीसची सहा-सात करा. एका गोष्टीला महिना द्या. पहिले काही दिवस तुम्ही मोठ्यानं वाचायचं. मूल मोठं झालं म्हणून हे बंद करू नये, वाचायचा कंटाळा असलेल्या मुलांना तर यानंच गोडी लागते. मग वाद, मग हातानं काही करून बघणं, आणि शेवटचा आठवडा पूर्ण मोकळा. त्या मोकळ्या आठवड्यात ती चित्रं काढेल, काही लिहील, किंवा काहीच करणार नाही. चालेल. गुणांच्या जागी एक वही असू द्या. प्रत्येक गोष्टीनंतर तिनं तीनच गोष्टी लिहायच्या: लेखकानं कोणता नियम बदलला, त्यानं कुणाचं जगणं बदललं, आणि लेखक काय विसरला. ‘लेखक काय विसरला’ हे सदर मुलांना सगळ्यात आवडतं, कारण तिथं त्यांना मोठ्यांच्या चुका काढायची परवानगी असते. वहीची पहिली आणि सहावी नोंद शेजारी ठेवून बघाल तेव्हा प्रगती तुम्हाला दिसेल, २० पैकी आकडा लागणार नाही. परीक्षेची धास्ती असेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या माध्यमिक, म्हणजे दहावीच्या परीक्षेला बसायलाच १४ वर्षं पूर्ण लागतात. तुमच्या हातात तीन वर्षं आहेत.

शाळेत जाणाऱ्या मुलांच्या पालकांनाही यातलं पुष्कळ करता येईल, मेच्या सुट्टीत दोन गोष्टी आरामात होतात. पुण्याजवळ राहणाऱ्यांनी २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, मुलांना ‘आयुका’ या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेत जरूर न्यावं. ज्यांच्या गोष्टी वाचल्या त्या नारळीकरांनीच उभी केलेली ही संस्था आहे. तळेगावहून तर लोकलनं जाता येतं.

आता या आठवड्याचं. तक्ता भिंतीवरून उतरवा, पण मुलीदेखत, आणि ‘माझी आखणी चुकली, तुझी गोष्ट पुढं नेऊ’ असं सरळ सांगा. मुलांना आईबापांचं हे बोलणं फार वर्षं लक्षात राहतं. त्या जागी तिचं सावल्यांचं चित्र लावा. मग दोघी मंडईत जा आणि परत येताना विचारा: तुझ्या गावात भाजीवाल्या मावशी दुपारी कुठं बसणार? गुरं कुठं थांबणार? एक्स-रे काढता येईल का, तीही हाडांची सावलीच ना? चंद्राला ग्रहण लागेल का? उत्तरं तिची तिला शोधू द्या, चुकली तरी मध्ये पडू नका.

आणि कॅलेंडरवर मे महिन्याच्या मध्यावर खूण करून ठेवा. आपल्याकडे वर्षातून दोनदा सूर्य भरदुपारी बरोब्बर डोक्यावर येतो. जुलैअखेरचा दिवस ढगांत जातो, पण मेमधला सहसा दिसतो. तुमच्या भागात १४ मेच्या आसपास, दुपारी साडेबाराच्या सुमारास. गच्चीवर पाण्यानं भरलेली बाटली सरळ उभी करा, आजोबांनाही टोपी घालून वर बोलवा. बाटलीची सावली आखडत आखडत तिच्या बुडाखाली जाईल आणि दोन-तीन मिनिटं तुमच्या लेकीच्या गावात सावल्या खरंच बंद होतील. तेव्हा वही तिच्या हातात असू द्या.